दोन किल्ले, दोन झेंडे : ‘बंकर हिल बनी’वरच्या सत्राच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

विसर्जन आटोपलं, गल्लीतले मांडव उतरले, आता जरा डोकं चालेल. फिल्म क्लबचं ऑक्टोबरचं सत्र माझ्या गळ्यात आहे आणि विषयही मीच सुचवलेला, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतायत. तिकडून गंभीर माहितीपटांचा लोंढा येणारच आहे. त्याआधी जुन्या कार्टूनवाल्यांनी त्याच इतिहासाची टर कशी उडवली होती ते बघू, असा विचार. समोर ॲनिमेशन शिकणारी पोरं आणि क्लबचे नेहमीचे सभासद, त्यातले अर्धे निवृत्त. वेळ दीड तास.

निवडीसाठी टेबलावर पाच फिल्म्स होत्या. टेक्स ॲव्हरीची ‘जॉनी स्मिथ अँड पोकर-हंटस’ (१९३८) वेगात भन्नाट, पण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची त्यातली चित्रं आज समोर ठेवायची तर सगळा वेळ त्यांच्याबद्दल बोलण्यातच जाईल. ते सत्र व्हायला हवं, पण स्वतंत्र. फ्रिझ फ्रेलेंगची ‘द हार्डशिप ऑफ माइल्स स्टँडिश’ (१९४०) हे लाँगफेलोच्या १८५८ च्या काव्याचं विडंबन. मूळ काव्य आपल्याकडे कुणी वाचलेलं नाही, मग हसायचं कशाला? ॲव्हरीनेच पुढे एमजीएम स्टुडिओत केलेली ‘जर्की टर्की’ (१९४५) फुकट उपलब्ध आहे, हक्कांची कटकट नाही, हा मोठा मोह. पण वर १६२० साली इंग्लंडहून अमेरिकेत येऊन वसलेले ‘पिल्ग्रिम’ यात्रेकरू आणि आत सगळे टोमणे दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईचे आणि काळ्या बाजाराचे. तळटिपा देत बसलं की विनोद मेलाच. ‘यँकी डूडल बग्ज’ (१९५४) मध्ये बग्ज बनी हा ससा पुतण्याला इतिहास शिकवतो. गोड आहे, पण तुकड्यातुकड्यांची.

उरली ‘बंकर हिल बनी’ (१९५०). वॉर्नर ब्रदर्स, मेरी मेलडीज मालिका, दिग्दर्शक फ्रेलेंग, कथा टेड पियर्स, आवाज मेल ब्लँक. दोन किल्ले, मध्ये मैदान. एका किल्ल्यात बग्ज बनी, दुसऱ्यात योसेमिटी सॅम, त्याचा मिशीवाला दुष्मन. बास. किल्ला म्हटलं की पुण्यातल्या माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

फिल्मचे हक्क स्टुडिओकडे आहेत. म्हणून सत्रात बोलताना लागतील तेवढेच छोटे तुकडे दाखवायचे, आणि मुख्य गॅगचं, म्हणजे हशाच्या युक्तीचं, टायमिंग समजावण्यासाठी आमचा स्वतःचा ॲनिमॅटिक (कच्च्या चित्रांची, वेळ लावलेली फिल्म) करायचा. त्यात ससा नाही आणि मिशीवाला नाही. दोन ठोकळे.

११ सप्टेंबर, गुरुवार

शॉट-ब्रेकडाउन सुरू, म्हणजे फिल्मचा एकेक शॉट सुटा करून तक्त्यात मांडणं. तक्त्यात रकाने असे: शॉट, कॅमेरा, कोण कुठून कुठे, आवाज, आणि शेवटचा रकाना ‘थांबा’. शेवटच्या रकान्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

पहिल्यांदा मांडणी. सॅमचा किल्ला दगडी, अवाढव्य, तोफाच तोफा. बग्जचा लाकडी, चिमुकला. सॅमच्या झेंड्यावर लिहिलंय ‘दे’, म्हणजे ‘ते’, आणि बग्जच्या झेंड्यावर ‘वी’, म्हणजे ‘आम्ही’. कुठल्याही देशाचा झेंडा नाही, चिन्ह नाही. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाची दीडशे पानं त्या दोन फडक्यांवर बसवली आहेत. मी हे इतक्या वर्षांत कितीदा तरी पाहिलंय आणि अजूनही त्या झेंड्यांशी आलो की हसू येतं.

मग तो प्रसिद्ध प्रकार. सॅम आरोळी ठोकून धावत सुटतो, बग्जच्या किल्ल्यात घुसतो. तोवर बग्ज सॅमच्या किल्ल्यात पोचलेला, झेंडाही बदललेला. आता सॅम लाकडी खुराड्यात आणि ससा दगडी किल्ल्यात. सॅम परत धावतो. परत तेच.

यात धक्का असा नाहीच. दुसऱ्या वेळी काय होणार हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. फ्रेलेंगची जात इथे ॲव्हरीपेक्षा वेगळी. ॲव्हरी तुम्हाला कुठूनही काहीही फेकून मारेल. फ्रेलेंग आधी काय होणार ते सांगून टाकतो आणि मग ते कधी होणार यावर तुम्हाला लटकवून ठेवतो. भुयाराच्या प्रसंगातही हेच. सॅम जमीन खणत बग्जच्या किल्ल्याखाली जातो, अंधारात डोकं वर काढतो, काडी पेटवतो. चहूकडे दारूगोळा. काडी पेटली की प्रेक्षक मनातल्या मनात स्फोट उडवून मोकळा झालेला असतो. पडद्यावर उरतो तो सॅमच्या टाळक्यात प्रकाश पडायला लागणारा वेळ, आणि तो वेळ हाच विनोद. स्फोट फक्त पावती.

माझ्या वर्गातल्या पोरांचा हात नेमका इथे कच्चा असतो. स्फोट सुंदर काढतात, धुराच्या गोळ्यांना तीन तीन छटा देतात. त्याआधीचं थांबणं म्हणजे त्यांना वाया गेलेल्या फ्रेम्स वाटतात.

१५ सप्टेंबर, सोमवार

प्रश्न येणारच, म्हणून खरी बंकर हिलची लढाई नीट मांडून ठेवतो.

तारीख १७ जून १७७५. जागा बॉस्टनसमोरचं चार्ल्सटाउन. वसाहतवाल्यांच्या, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या अमेरिकनांच्या, कर्नल विल्यम प्रेस्कॉटला हुकूम होता बंकर टेकडी धरण्याचा. त्याच्या लोकांनी आदल्या रात्री मोर्चा बांधला तो बॉस्टनला अधिक जवळ असलेल्या ब्रीड्स टेकडीवर. लढाई मुख्यतः तिथेच झाली, नाव मात्र बंकर हिलचं लागलं. आजही बंकर हिलचा २२१ फुटी दगडी मनोरा उभा आहे तो ब्रीड्स टेकडीवरच. २९४ पायऱ्या चढून वर जाता येतं. म्हणजे विडंबनकारांनी हात लावण्याआधीच इतिहासाने स्वतःचा एक गॅग करून ठेवला होता.

ब्रिटिशांनी जनरल हाऊच्या हाताखाली तीनदा चाल केली. तिसऱ्या वेळी वसाहतवाल्यांची बंदुकीची दारू संपली आणि ते मागे हटले. टेकडी ब्रिटिशांना मिळाली, पण त्यांचे हजारावर लोक मेले किंवा जखमी झाले. समोरच्यांचे साडेचारशेच्या आसपास. जिंकलेल्यांनी कपाळाला हात लावावा आणि हरलेल्यांनी मनोरा बांधावा, अशी ही लढाई.

फिल्मने यातलं काय उचललं? एका रात्रीत उभारलेला मातीचा मोर्चा आणि त्याच्यावर पुन्हा पुन्हा धावून जाणारी, पुन्हा पुन्हा मार खाणारी मोठी ताकद. बाकी सगळं फेकून दिलं. नावात बंकर हिल आहे, पण फिल्ममधली लढाई १७७६ ची आणि तिचं नाव चक्क बेगल हाइट्स. न्यूयॉर्कच्या ज्यू बेकऱ्यांतून आलेला तो भोकाचा गोल पाव. खुद्द फ्रेलेंग कॅन्सस सिटीच्या ज्यू घरातला. गंमत म्हणजे १७७६ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिन हाइट्सच्या परिसरात खरोखरच मोठी लढाई झाली होती. त्या लढाईत सॅमचे जातभाई होते. बंकर हिलला त्यांच्यातला एकही नव्हता.

हे जातभाई म्हणजे हेसियन, ब्रिटिशांच्या बाजूने लढलेले भाडोत्री जर्मन सैनिक. फिल्ममधला सॅम त्यांच्यातलाच. त्यांच्यासाठी वेगळी नोंद लागेल.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

क्लबमधले इतिहासवाले सर संध्याकाळी आले. शाळेतून निवृत्त झालेत, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. मी फिल्मची गोष्ट सांगितली : सॅम स्वतःला हेसियन म्हणवतो, जर्मन, ‘फॉन’ लावून, ब्रिटिशांच्या बाजूने लढणारा. सर म्हणाले, “म्हणजे गारदी.”

मी म्हटलं, “सर, अगदी. पोरांना तसंच सांगतो.”

“सांगू नका. अर्धंच खरं आहे.” मग चहा येईपर्यंत तास झाला. गारदी पगारासाठी पेशव्यांकडे चाकरीला असत. करार त्यांचा, पैसे त्यांचे. पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांनी तोफखान्यासकट जिवावर उदार होऊन झुंज दिली आणि १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून केला तोही गारद्यांनीच. पैसा कुणाचा, यावर सगळं. हेसियनांचं तसं नव्हतं. त्यांना भाड्याने देणारा त्यांचा राजा होता. जर्मनीतल्या हेस-कासेल संस्थानाचा लँडग्राफ (तिथल्या संस्थानिकाचा किताब) दुसरा फ्रेडरिक. जानेवारी १७७६ मध्ये त्याने इंग्लंडशी करार केला, पलटणी दिल्या, भाडं स्वतःच्या खजिन्यात टाकलं. आणखी काही छोट्या जर्मन संस्थानिकांनीही तेच केलं. आठ वर्षांत मिळून सुमारे तीस हजार जर्मन सैनिक समुद्रापार गेले. त्यातल्या कित्येकांना अमेरिका कुठल्या दिशेला आहे हेही माहीत नसेल.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात इंग्लंडच्या राजाविरुद्ध जी तक्रारींची यादी आहे तिच्यात परकी भाडोत्री फौजांचा उल्लेख आहे. म्हणजे ‘ते’ ठरवताना वसाहतवाल्यांच्या डोळ्यासमोर हेच होते.

आता खरी मजा. ऑगस्ट १७७६ मध्ये वसाहतवाल्यांच्या काँग्रेसने ठराव केला की जो परकी सैनिक ब्रिटिशांची नोकरी सोडून येईल त्याला पन्नास एकर जमीन. त्याची जर्मन पत्रकं छापली. बेंजामिन फ्रँकलिनने जनरल गेट्सला लिहिलेल्या पत्रात युक्ती दिलीय : पत्रकांच्या मागे तंबाखूचे छाप मारा, त्यांतच तंबाखूच्या पुड्या बांधा, म्हणजे लुटीच्या मालासारख्या त्या शिपायांच्या हातात आपोआप जातील. डिसेंबरात ट्रेंटनला वसाहतवाल्यांचा सेनापती वॉशिंग्टन याने सुमारे नऊशे हेसियन पकडले. कैद्यांना पेनसिल्वेनियात नेलं, तिथे लँकेस्टरच्या आसपास जर्मन बोलणारे शेतकरी होतेच, त्यांच्याकडे हे कामाला लागले. स्वतःच्या भाषेतल्या माणसाकडे पोटभर जेवून, धष्टपुष्ट गुरं आणि मालकीची शेतं बघून युद्धावर परत जायची इच्छा कितीशी राहणार? युद्ध संपल्यावर सुमारे पाच हजार हेसियन तिकडेच राहिले असं मानतात.

फिल्मच्या शेवटी सॅम काय करतो? हात टेकतो. हरवता येत नाही तर सामील होतो, असं म्हणतो आणि बग्जच्या बरोबरीने वाजवत चालायला लागतो. मी आजवर हा नुसता कार्टूनी शेवट समजून हसत होतो. नाव चुकीचं, साल चुकीचं, लढाई पावाच्या नावाची, आणि शेवट मात्र या माणसांच्या बाबतीत खरा ठरलेला. टेड पियर्सच्या मनात हे होतं असं मला मुळीच वाटत नाही. त्याला शेवट हवा होता. पण सत्राचा कणा आता हाच.

सर जाताना म्हणाले, “आणि हेही सांगा की त्याच १७७६ च्या मार्चमध्ये इंग्रज पुरंदरचा तह करत होते.” बरोबर आहे. एकीकडे राघोबादादांच्या निमित्ताने आपल्याकडे अडकलेले, दुसरीकडे बॉस्टन सोडून निघालेले. एका वाक्यात सांगीन, जास्त नाही, नाहीतर सगळे सभासद नाना फडणविसांवर घसरतील आणि ससा बिचारा बाजूलाच राहील.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज फिल्मला बरोबर ७५ वर्षं. २३ सप्टेंबर १९५० ला प्रदर्शित.

त्या तारखेभोवती चाचपडून पाहिलं. कोरियाचं युद्ध जूनमध्ये सुरू झालेलं, इंचॉनला अमेरिकन फौजा उतरून जेमतेम आठवडा झालेला. थिएटरात मुख्य सिनेमाआधी युद्धाची बातमीपत्रं लागत असणार आणि मग हा ससा. पण त्या काळी असं एक कार्टून हातात घेतल्यापासून पडद्यावर यायला वर्ष सहज जायचं, त्यामुळे कोरियाशी याचा संबंध जोडू नये. जर्मनीशी मात्र जोडता येतो. महायुद्ध संपून पाचच वर्षं झाली होती. ‘फॉन’वाला जर्मन आडदांड आणि मूर्ख दाखवला की प्रेक्षक आयता तयार. आणि ज्या हेसमधून ते सैनिक भाड्याने गेले होते तो प्रदेश १९४५ पासून अमेरिकन ताब्यातल्या विभागात. ही गोष्ट सत्रात सांगावी का, याचा अजून विचार करतोय. सांगितली तर हशा पिकणार नाही, शांतता होईल. मला दोन्ही चालेल.

सॅमबद्दल दोन ओळी. फ्रेलेंगला बग्जसमोर त्याचा जुना शिकारी दुष्मन एल्मर फड फार मवाळ वाटायचा, त्याला तोंडावर शिव्यांची लाखोली वाहणारा, कधीच न शिकणारा दुष्मन हवा होता. १९४५ मध्ये ‘हेअर ट्रिगर’मधून सॅम आला. बुटका, तांबड्या मिशांचा, तापट. खुद्द फ्रेलेंगही बुटका, तांबड्या केसांचा आणि तापट, त्यामुळे स्टुडिओत सगळे काय ते समजून होते. सॅमला कधी चाच्याचे कपडे घालायचे, कधी काउबॉयचे, कधी आणखी कुणाचे. इथे हेसियनचे. इतिहास म्हणजे त्यांच्यासाठी कपड्यांची पेटी.

२७ सप्टेंबर, शनिवार

ॲनिमॅटिक. क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतोय, सेकंदाला २४ फ्रेम्स, एक चित्र दोन फ्रेम्सना. ठोकळे दोन : तांबडा आणि पांढरा. किल्ले दोन : मोठा डावीकडे, छोटा उजवीकडे. झेंड्यांवर अक्षरं नकोत, तांबड्याला तांबडा आणि पांढऱ्याला पांढरा एवढंच.

पहिली अदलाबदल पूर्ण दाखवायची. तांबडा मागे झुकतो (दम भरतो), थांबतो, सुटतो, मैदान ओलांडतो, आत घुसतो. दार बंद. थांबा. मग कॅमेरा डावीकडे, मोठ्या किल्ल्यावर पांढरा झेंडा चढतो. सगळं मिळून ९६ फ्रेम्स, म्हणजे चार सेकंद. छान बसलं.

माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी मदतीला आहे. तिने दुसरी अदलाबदल पहिलीचीच नक्कल करून जोडली. बघणाऱ्या दोघांपैकी एकाने मोबाइल काढला. तिने विचारलं, “सर, गॅग तोच आहे, टायमिंग तेच आहे, मग हसू का येत नाही?” कारण पहिल्या वेळी आपण बातमी देतो. दुसऱ्या वेळी बातमी शिळी असते, तेव्हा धावणं दाखवायची गरजच नाही. दुसरी ४० फ्रेम्सवर आणली : दम भरणं काढून टाकलं, सुटणं आणि दार एवढंच ठेवलं. तिसरीत ठोकळे दिसतच नाहीत. रिकामं मैदान, दोन किल्ले, आणि एका क्षणी दोन्ही झेंडे बदलतात. १६ फ्रेम्स. मोबाइलवाला हसला.

मग तिने हुशारीने एक गोष्ट केली. तिसरीच्या आधी रिकाम्या मैदानाचा थांबा वाढवत नेला. १२ फ्रेम्सना काहीच नाही. २० ला हसू थोडं मोठं. ३० च्या पुढे गेलं की लोकांना वाटतं फाइल अडकली. २२ वर ठेवलं. पुस्तकात लिहिलेलं नसतं हे, असं बसून घासावंच लागतं.

दिशेचा मुद्दा स्वतंत्र लिहून ठेवतो, कारण पोरं हमखास इथे गोंधळ घालतात. मोठा किल्ला डावीकडे म्हणजे कायम डावीकडेच. किल्ल्याच्या आतला शॉट असो की जवळचा चेहरा, तांबडा छोट्या किल्ल्याकडे बघताना उजवीकडेच बघणार. किल्ले बदलले की नजरेच्या दिशाही उलटणार. हा नियम एकदा मोडला की प्रेक्षक ‘कोण कुठे आहे’ हे शोधायला लागतो, आणि शोधणारा माणूस हसत नाही. वेडेपणा चालतो, पण नकाशा पक्का हवा. फिल्ममध्ये हे श्रेय लेआउटवाल्या, म्हणजे दृश्यांची मांडणी आखणाऱ्या, हॉली प्रॅटचं आणि पार्श्वभूमी रंगवणाऱ्या पॉल जूलियनचं. (रोड रनर या कार्टून पक्ष्याचा ‘बीप बीप’ आवाज याच जूलियनचा. सत्रात सांगायचं, लोक खूश होतात.)

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. काम नाही. खाली पार्किंगच्या कोपऱ्यात सोसायटीच्या पोरांनी दिवाळीच्या किल्ल्यासाठी विटा आणि माती आणून टाकलीय. दोन गट आहेत म्हणे, दोन किल्ले होणार. बघून ठेवलंय.

४ ऑक्टोबर, शनिवार

आवाज. वॉर्नरकडे कार्ल स्टॉलिंगचा वाद्यवृंद होता आणि आवाजांचा जादूगार ट्रेग ब्राउन. आमच्याकडे एक माइक आणि एक ढोल-ताशा पथकातला मुलगा.

फ्रेलेंग संगीतातला माणूस. चित्रांचं टायमिंग तो स्वरलिपीसारख्या आखलेल्या कागदावर लिहायचा, तालाच्या मात्रांत. गणित सोपं आहे : १२ फ्रेम्सची मात्रा म्हणजे मिनिटाला १२० ठोके, कूच करण्याची चाल. ८ फ्रेम्सची मात्रा म्हणजे १८०, पळापळ. एकदा मात्रा ठरली की दार आपटणं, डोळा मिचकावणं, झेंडा चढणं सगळं मात्रेवर किंवा मुद्दाम मात्रेच्या अलीकडे-पलीकडे टाकता येतं. पोरं चित्र आधी करतात आणि शेवटी गाणं चिकटवतात. म्हणून त्यांची फिल्म गाण्याच्या शेजारी चालते, गाण्यात नाही.

मुलाने ताशा आणला. त्याला सांगितलं, साधा लष्करी ठेका, १२० वर, नक्षी नको. दोन आवर्तनं सरळ वाजवली आणि तिसऱ्यात हात सुटला तो थेट लक्ष्मी रोडवर. शेजारच्या फ्लॅटमधून काकांनी डोकावून विचारलं, “काय रे, अजून विसर्जन संपलं नाही का?” चौथ्यांदा ताशावर कापड टाकून वाजवायला लावलं, तेव्हा अमेरिकन ड्रमच्या जवळपास गेलं. आरोळी विद्यार्थिनीने दिली. घसा बसेपर्यंत दिली.

तिसऱ्या अदलाबदलीच्या रिकाम्या २२ फ्रेम्समध्ये ठेका चालू ठेवायचा की बंद? चालू ठेवला तर थांबा हा थांबा वाटत नाही. बंद केला, फक्त वाऱ्याची एक बारीक शिट्टी. झेंडे बदलतात त्या फ्रेमला एकच टिपरू. हे मला फार आवडलंय.

८ ऑक्टोबर, बुधवार

शेवटच्या शॉटसाठी चित्राचा संदर्भ काढला. सॅम आणि बग्ज वाजवत चालतात तो थाट अमेरिकेत सगळ्यांना पाठ असलेल्या ‘स्पिरिट ऑफ सेव्हंटी-सिक्स’ या चित्राची आठवण करून देणारा. दोन ढोलवाले आणि एक फायफ (छोटी बासरी) वाजवणारा, फायफवाल्याच्या डोक्याला पट्टी, मागे झेंडा आणि धूर. चित्रकार आर्चिबाल्ड विलार्ड, ओहायोचा. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात ते टांगलं आणि तिथून घरोघरी गेलं. एक प्रत आज मॅसॅच्युसेट्समध्ये मार्बलहेडच्या ॲबट हॉलमध्ये आहे. ते देणगी देणाऱ्या गृहस्थांचा मुलगा त्यातल्या छोट्या ढोलवाल्यासाठी मॉडेल म्हणून उभा राहिला होता.

आणि ही गोष्ट मला ठाऊक असती तर सत्र इथूनच सुरू केलं असतं : विलार्डने ते चित्र मुळात विनोदी म्हणून योजलं होतं. गावातल्या मिरवणुकीत वाजवत, नाचत जाणारी मंडळी. मधल्या ढोलवाल्यासाठी त्याने आपल्या वडिलांना उभं केलं आणि काम पुढे सरकत गेलं तसा चित्राचा सूर गंभीर होत गेला. म्हणजे १८७६ मध्ये एक विनोदी कल्पना देशभक्तीचं प्रतीक होऊन बसली, आणि फ्रेलेंगच्या टोळीने १९५० मध्ये ती उचलून परत मूळ जागी आणून ठेवली. विडंबन म्हणजे पवित्र गोष्टीला ओरखडा, असं क्लबमधले काही जण धरून चालतात. त्यांच्यासाठी ही स्लाइड.

११ ऑक्टोबर, शनिवार

सत्र झालं. खुर्च्या पुरल्या नाहीत, पुढची पोरं सतरंजीवर.

आमच्या ठोकळ्यांना फिल्मच्या तुकड्याइतकाच हशा मिळाला, याचा मला उगाच अभिमान वाटला. पहिल्या अदलाबदलीला मोजके, दुसरीला बरे, तिसरीच्या रिकाम्या मैदानात कुणीतरी मागून “आता!” म्हणालं आणि झेंडे फिरले. खोली फुटली. २२ फ्रेम्स बरोबर होत्या.

हेसियनांवर चर्चा तापली. मी शेवटाचा मुद्दा मांडला : पन्नास एकर, तंबाखूच्या पुड्या, मागे राहिलेले पाच हजार. इतिहासवाले सर लगेच उभे. “पण तुमचा सॅम जमिनीसाठी जातोय कुठे? तो थकून जातोय.” एका विद्यार्थ्याने विचारलं, “सर, ट्रेंटनला पकडलेले काय जमिनीसाठी पकडले गेले होते? तेही थकलेच असतील ना? डिसेंबरात, बर्फात.” सर बसले. बसताना म्हणाले, “मुद्दा ठीक आहे.” त्यांच्या तोंडून हे म्हणजे शिफारसपत्र.

पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी वेगळंच पकडलं. “अहो, एवढा मोठा किल्ला, एवढ्या तोफा आणि आत माणूस एकच?” खरंच, सॅमकडे फौज नाही. मी आधी व्यवहाराचं उत्तर दिलं : हाताने काढायचं म्हटल्यावर शंभर सैनिक म्हणजे शंभर सैनिकांची चित्रं, सेकंदाला बारा वेळा. पण विनोदाचंही तेच उत्तर आहे. फौज असती तर हरताना माणसं मेली असती. एकटा सॅम आहे म्हणून कितीही वेळा उडवा, पुढच्या शॉटला काजळी झटकून हजर. काकू म्हणाल्या, “म्हणजे राजा स्वतः लढायला आला असता तर असं झालं असतं.” माझ्या नोंदींतल्या कुठल्याही वाक्यापेक्षा हे चांगलं आहे, म्हणून लिहून ठेवतो.

हेस १९४५ पासून अमेरिकन ताब्यात होतं, ही गोष्ट सांगितली. शांतता झाली. मग कुणीतरी पुरंदरचा तह काढला आणि व्हायचं तेच झालं. नाना फडणविसांवर वीस मिनिटं.

प्रश्नोत्तरांत पोरांना एकच काम दिलं : ‘थांबा’च्या रकान्यासह स्वतःच्या आवडीच्या कुठल्याही तीस सेकंदांचं ब्रेकडाउन. स्फोट काढून आणलेला चालणार नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

फाइल्स आवरल्या. ॲनिमॅटिकची अंतिम प्रत, मात्रांचा तक्ता आणि कोरा ब्रेकडाउन तक्ता क्लबच्या ड्राइव्हवर टाकला. फिल्मचे तुकडे टाकले नाहीत, ते माझ्याकडच्या डिस्कवरच राहतील.

विद्यार्थिनीला दुसऱ्या अदलाबदलीत अजून दोन फ्रेम्स कापायच्या आहेत. दार बंद झाल्यावर ठोकळा किंचित हलतो ते तिला खटकतंय. मला खटकत नव्हतं, पण आता तिने दाखवल्यावर दुसरं काही दिसतच नाही. बुधवारी ती येईल, तेव्हा कापू. ताशाचा मुलगा विचारत होता की पुढच्या वेळी कापड न टाकता वाजवायला मिळेल का. त्यासाठी आधी तशी फिल्म शोधावी लागेल.